राखेतला कवड्या

मिशनच्या शाळेत शिकवणाऱ्या फिलोमिनाबाईंच्या डोक्यात किडे वळवळतात, असं आमच्या पुणतांब्यात सगळेच म्हणत. आम्ही पोरी ओंजळीतून काहीबाही घेऊन जायचो. कधी नाकतोडा, कधी लिंबावरची अळी. "बाई, हे काय?" विचारलं तर नाव सांगतील तर शपथ!

"आधी सोडून दे त्याला. मग पाटीवर काढून दाखव."

काढायला बसलं की कळायचं, पट्टे कुठून सुरू होतात हे आपण पाहिलंच नाही. मग पुन्हा बांधावर पळायचं. चित्र जमलं तरच नाव मिळायचं. मला अशी पुष्कळ नावं मिळाली, बोलणीही तितकीच खाल्ली.

घरी नेमकं उलटं. वडील मागेच वारलेले, कारभार चुलत्यांचा, भिमाजीनानांचा. दिवे लागल्यावर नाना सापाचं नाव घेऊ देत नसत. नाव घेतलं की तो येतो म्हणे! 'लांबडं' म्हणायचं आणि गप्प बसायचं.

लढाईचे दिवस होते, रॉकेल मिळत नव्हतं. एका तिन्हीसांजेला आईनं मला गोवऱ्या आणायला पाठवलं. ढिगात हात घातला आणि उजव्या हाताच्या पहिल्या बोटाला कायतरी कडाडून चावलं. काळपट, पांढऱ्या पट्ट्यांचं लांबडं माझ्यादेखत गोवऱ्यांत शिरलं.

माझ्या किंकाळीनं आळी गोळा झाली.

"पट्ट्यांचं हुतं का?" नानांनी विचारलं.

"व्हय."

सगळे गारठले. पट्ट्यांचं म्हणजे मण्यार, हे मनात प्रत्येकाच्या. तोंडातून कुणी काढीना. नानांनी कोयता आणला. बोट उडवलं की विष वर चढत नाही, असा तेव्हा समज होता. आईनं रडत रडतच माझं मनगट उंबऱ्यावर दाबून धरलं.

तेवढ्यात कुणीतरी बोलावलं म्हणून बाई धावत आल्या. "नाना, थांबा! मण्यार होती की कवड्या?"

"दिवं लागल्यावर नाव घेती ही बया!" गर्दीतून कुणीतरी ओरडलं.

"बरं, नाही घेत." बाईंनी चुलीतली राख उंबऱ्यापुढे पसरली. "बायडे, काढ."

मी डाव्या हातानं काढलं. डोकं, मान, मानेपासूनच ठसठशीत पट्टे, शेपटीकडे पुसट होत गेलेले.

"मानेपासून? नक्की?"

"नक्की, बाई."

मण्यारीचे पट्टे मानेपाशी दिसतही नाहीत, शेपटीकडे ठळक होत जातात. कवड्याचं उलटं, आणि कवड्याला विष नसतं. बाईंनी हे सांगितलं, पण नानांचा कोयता खाली येईना.

"पोरीचं चुकलं असंल तर?"

"तर बोट तोडूनही ती वाचणार नाही. गाडी जुंपा, दवाखान्यात नेऊ. पण कोयता ठेवा."

नानांनी कोयता ठेवला. गाडीत बाईंनी माझं डोकं मांडीवर घेतलं आणि माझ्या पापण्या जड होतात का, हे बघत मला वाटभर बोलतं ठेवलं. मला काहीही झालं नाही. दुसऱ्या दिवशी नानांनी काठीनं गोवऱ्या उपसल्या, तर खाली तोच बसलेला, मानेपासून पट्ट्यांचा. नानांनी त्याला मारलं नाही. पुढं तर बांधावर नवा किडा दिसला की नानाच मातीत काठीनं चित्र काढून बाईंना बोलावू लागले.

त्याच बोटानं मी आज भाकरी थापते, सुईत दोरा ओवते. बाईंचे उपकार या जन्मात फिटायचे नाहीत, आणि मला ते फेडायचेही नाहीत.

माझ्या लग्नात नानांनी काकूला सांगितलं, "आधी बाईंची वटी भर."

बाई मागं सरल्या. "नाना, मी विधवा. त्यात ख्रिस्ती."

"आसू द्या." नानांनी माझा मेंदीचा हात पुढं केला आणि ते बोट चिमटीत धरलं. "ह्या बोटाच्या आई तुमीच हाय."

बाईंनी पदर पसरला.