उताराचा पाइप

आमच्या साडूंइतका पाइपांवर जीव लावणारा दुसरा माणूस साऱ्या कोल्हापूर जिल्ह्यात सापडायचा नाही, आणि सापडलाच तर त्या दोघांची गाठ घालून देऊ नये, कारण मग दोघंही जेवायला घरी येणार नाहीत. लोक देवळात गेले की कळसाकडे बघतात. आमचे साडू अभिषेकाचं पाणी कुठून बाहेर पडतं ते बघायला मागच्या बाजूला जातात. एका डेअरीत त्यांनी सगळी नोकरी पाइपफिटर म्हणून काढली. डेअरीतले पाइप स्टीलचे, आतून गुळगुळीत आणि सगळेच्या सगळे उताराने बसवलेले. दूध गेलं की मागून सोडलेलं धुण्याचं पाणी सगळ्यांत खालच्या तोंडातून आपोआप निघून जायला हवं. "उतार चुकला की थांबतंय, आन् थांबलं की नासतंय," हे त्यांनी मला आमच्या पहिल्याच भेटीत ऐकवलं. ती भेट माझ्या लग्नाच्या पंगतीत झाली होती आणि माझ्या पानात त्या वेळी बासुंदी होती.

नात्यातल्या एकाच्या बाराव्याला आम्ही बरोबर गेलो होतो. घरात रडारड चाललेली, बायका एकमेकींच्या गळ्यात पडलेल्या, आणि आमचे साडू दिसेनात. शोधत गेलो तर मोरीत उकिडवे बसलेले. "गेलेला मानूस चांगला हुता," ते हळू आवाजात म्हणाले, "पर मोरी कुणी केलीया ही? पानी भिताडात मुरतंय की." जाताना त्यांनी घरच्या कर्त्या मुलाला सांत्वनाचे दोन शब्द सांगितले आणि तिसरा शब्द मोरीबद्दल सांगितला. राजारामपुरीतल्या आमच्या नव्या फ्लॅटची त्यांनी वास्तुशांतीच्या दिवशी तपासणी केली, ती खिशातली काचेची गोटी बाथरूमच्या फरशीवर सोडून. गोटी जाळीकडे न जाता निवांतपणे उंबऱ्याकडे आली. माझ्या बायकोने अजून तो फ्लॅट बांधणाऱ्याला माफ केलेलं नाही.

असा माणूस निवृत्त झाल्यावर गाडी घेतो, तर एखादी शहाण्यासारखी घेईल की नाही? यांनी घेतली वीस वर्षांपूर्वीची पेट्रोल गाडी, बसकी, पांढरी, एका जमान्यात श्रीमंतांची पोरं जिच्यावर शर्यती लावत ती. आम्ही सगळ्यांनी त्यांना वेड्यात काढलं. वेड्यात काढलं नाही ते फक्त आक्कांनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीने. उलट पर्स मांडीवर घेऊन त्या पुढच्या सीटवर अशा बसत की जणू रथात बसल्यात, आणि हायवेला मोकळा रस्ता दिसला की समोर बघतच म्हणत, "सोडा आता." मग साडू सोडत.

आक्कांच्या किडन्या त्याच सुमारास गेल्या. आठवड्यातून दोनदा राजारामपुरीतल्या एका दवाखान्यात डायलिसिस सुरू झालं. पहिल्याच दिवशी साडूंनी मशीनच्या नळ्या निरखून बघितल्या आणि तिथल्या मुलीला सांगितलं, "ही नळी हितं वाकलीया बगा. उतार न्हाई." तिने त्यांना बाहेर बसवलं, ते कायमचं. आक्का पडल्या पडल्या हसल्या. "भावजी," मला म्हणाल्या, "ह्यास्नी सांगा, माझं रगात काय म्हशीचं दूध न्हवं." हसताना त्यांना धाप लागली, तरी त्या हसायच्या थांबल्या नाहीत. त्या बाईची माझ्यावर फार माया होती, आणि तशी ती पुन्हा मला कुणाची मिळालेली नाही.

डायलिसिसहून येताना आक्का पिळून काढल्यासारख्या होत. बोलत नसत, खात नसत. पण साडू मुद्दाम लांबच्या रस्त्याने हायवेवर गाडी काढत आणि इंजिनचा आवाज चढला की त्या डोळे मिटून म्हणत, "ह्या आवाजात बरं वाटतंय मला." झालं. एवढं एक वाक्य त्या माणसाला पुरलं. कंपनीने गाडीला हवा घ्यायला जो काळा प्लास्टिकचा डबा दिलेला असतो, तो त्यांनी त्याच आठवड्यात काढून फेकला. "गाडीचं नाक चोंदलंय," त्यांनी जाहीर केलं. "नाक मोकळं केलं की आवाज बी मोकळा."

मग त्या घरात दुसरा विषय राहिला नाही. डेअरीतल्या जुन्या सहकाऱ्यांकडून स्टीलच्या पाइपाचे निकामी तुकडे आले, बाक म्हणजे वळणाचे तुकडे आले. उद्यमनगरातले गॅरेजवाले रशीदभाई वेल्डिंगला बसले आणि साडू त्यांच्या मानेवर. आतल्या बाजूला जोडाचा कंगोरा राहिला की तो घासायचा, पुन्हा बोट फिरवायचं, पुन्हा घासायचा. "बाकावर दूध फेसाळतंय, तशी हवा बी फेसाळती," असं त्यांचं शास्त्र होतं. ते खरं की खोटं मला माहीत नाही, रशीदभाईंनाही माहीत नव्हतं, पण "व्हय की" म्हटल्याशिवाय सुटका नव्हती. पाइप तयार झाल्यावर त्यांनी त्यातून तांब्याभर दूध ओतलं. दूध खालच्या तोंडातून एका धारेत आलं, आत एक थेंब राहिला नाही. ते बघून साडूंच्या डोळ्यांत पाणी आलं.

पाइप इंजिनपासून उताराने खाली आणला होता आणि त्याचं तोंड, गाळणीसकट, पुढच्या बंपरच्या मागे अगदी तळाशी ठेवलं होतं. बॉनेटखाली हवा तापते, खाली ती गार असते, हे एक कारण. दुसरं कारण म्हणजे साडूंच्या हाताला तोंड वर ठेवलेला पाइप जमतच नव्हता. सगळा जन्म त्यांनी तोंड खालीच ठेवलं होतं. आम्ही तिघं-चौघं बॉनेटभोवती उभे राहून वाहवा करत होतो. ज्या गावात नदीचं पाणी कुठवर आलं हे चहाच्या गाड्यावर विचारतात, त्या गावातले आम्ही लोक, पण पावसाची आठवण एकालाही झाली नाही. गाडी मात्र झकास झाली. हायवेला असा भरदार आवाज निघाला की आक्का खिडकीला डोकं टेकून घरापर्यंत झोपल्या.

त्या वर्षी पूर आला. साडूंचं घर नदीच्या अंगाला. घरात पाणी नव्हतं, पण गल्लीच्या तोंडाशी गुडघ्याच्या वर आलं होतं आणि आक्कांचा डायलिसिसचा दिवस होता. मी सकाळीच चालत त्यांच्याकडे पोचलो. तालमीची पोरं ट्रॅक्टर घेऊन फिरत होती. मी म्हटलं, "आक्कांना ट्रॉलीत बसवू." साडूंना ते सोसलं नाही. "आजारी बाईला ट्रॉलीत? गाडी हाय की!" आमच्यापुढे एक साधी छोटी गाडी त्याच पाण्यातून हळूहळू निघून गेली, तेव्हा मीही मागचं दार उघडलं. आक्का पुढे, मी मागे. साडूंनी गाडी पाण्यात घातली. मधोमध आल्यावर इंजिन गुरगुरलं, आतून एक ठोका आला आणि गाडी जागेवर बंद पडली. पाइपाने पाणी ओढलं होतं. पाइपाला उतार होता, पण इंजिनच्या ओढीपुढे उतार काय करणार?

पोरांनी आक्कांना प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून कुणाच्या तरी कट्ट्यावर आणलं. तोवर ट्रॅक्टर दुसरीकडे गेला, पाणी वाढलं, पुढचा रस्ता बंद झाला. दवाखान्यात पोचायला दुसरा दिवस उजाडला. आक्कांचं अंग सुजलं होतं, श्वास पुरत नव्हता. त्या वेळी त्या वाचल्या. दसऱ्याच्या आधी हृदय बंद पडून गेल्या. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की त्या एका दिवसाचा आणि याचा संबंध नाही. मीही साडूंना तेच सांगत आलो. ते मान हलवत आणि मग विचारत, "पर पावणं, त्वांड वर आसतं तर?"

रशीदभाईंनी इंजिन उघडलं, आतली वाकलेली दांडी बदलली आणि कंपनीचा डबा परत बसवतो म्हणाले. साडूंनी नको म्हटलं. त्यांनी दुसरा पाइप केला, एकट्याने, कुणालाही न दाखवता. उलट्या उताराचा, तोंड पार बॉनेटच्या काठाशी नेलेला. तो करताना त्यांच्या हाताला काय वाटलं असेल, मला सांगता येणार नाही.

पुढच्या पावसाळ्यात ते माझ्या दारात आले. "जरा चला," एवढंच म्हणाले. शहराबाहेर एका ओढ्यावरच्या फरशी पुलापाशी गाडी उभी केली. फरशीवरून पाणी चाललं होतं, संथ. साडू विजार वर करून मध्यापर्यंत चालत गेले आणि तिथून ओरडले, "एवढंच हुतं न्हवं?" मी नीट बघितलं. एवढंच होतं. परत येऊन ते एकटेच गाडीत बसले, मला काठावर थांबवलं आणि त्या दिवशी दाबला तेवढाच पाय दाबून गाडी आत घातली. पाणी दिव्यांवर चढलं, आवाज चढला. गाडी मध्याच्या पुढे गेली. पलीकडच्या काठावर चढली.

मी बूट हातात घेऊन पाण्यातून पलीकडे गेलो. साडू दोन्ही हात स्टिअरिंगच्या चाकावर ठेवून बसले होते. शेजारची सीट रिकामी होती, तिथं बसायचा मला धीर झाला नाही, मागे बसलो.

"निघाली आसती, पावणं," ते म्हणाले.

आणि आक्का गेल्यापासून जो माणूस एकदाही रडला नव्हता तो चाकावर कपाळ टेकून मोठमोठ्याने रडायला लागला. इंजिन चालूच होतं. गाडी बंद करा म्हणायला मी तोंड उघडलं होतं, पण म्हटलं नाही. त्या आवाजात ते रडत होते, तेच बरं होतं.