टोपीखालचा चेहरा

आबांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, चेहरा नीट दिसेल असा एकही फोटो आमच्या घरात नव्हता. मी लोकांच्या लग्नांचे फोटो काढून पोट भरतो, तरीही. याची मला लाज वाटायची आणि ती बहुतेक वेळा राग होऊन आबांवरच निघायची.

आबा चाकणच्या एका छोट्या वर्कशॉपमध्ये पॉवर प्रेस चालवत. पत्रा आत सरकवायचा, पायानं पेडल दाबायचं, तुकडा बाहेर काढायचा. उभं आयुष्य एकाच मशीनवर गेलं. खंडेनवमीला तिथं मशीनची पूजा व्हायची आणि वर्षातून त्या एकाच दिवशी घरच्यांना गेटच्या आत सोडत. एरवी आबा कॅमेऱ्यापुढे उभेच राहत नसत. त्यामुळे आमच्याकडे खंडेनवमीचे फोटो तेवढे ढीगभर. मशीनला झेंडूचा हार, शेजारी आबा, डोक्यावर कंपनीची टोपी आणि टोपीखाली नुसती सावली. मशीन शेडच्या उघड्या तोंडाशी आणि मालक बाराच्या आधी कधी उगवायचे नाहीत, म्हणून पूजा कायम भर उन्हात. टोपी काढायला सांगितली तर आबा म्हणत, "कंपनीची हाय ती." विषय संपला.

मग वर्कशॉप विकायला निघालं. आबांचं मशीन नवरात्रातच जागेवरून उखडून बाहेर अंगणात आणून ठेवलं. कुणीतरी घेणारा होता, तो लवकरच उचलून नेणार होता. त्या आठवड्यात आबा जेवताना म्हणाले, "अवंदा तोंड दिसंल असा काढ. मशीनसंगं. पुन्यांदा काय ते दिसायचं न्हाई."

आबांनी माझ्याकडे काही मागितल्याचं मला दुसरं आठवत नाही.

मालकांनी फोटोला परवानगी दिली, पण मागे गिऱ्हाइकांचा माल रचलेला होता, तो ओळखू येता कामा नये म्हणाले. म्हणजे मागचं सगळं धूसर करायचं. त्यासाठी लेन्स पूर्ण उघडी ठेवावी लागते, आणि दुपारच्या उन्हात लेन्स उघडी ठेवायची तर शटर फार वेगानं चालवावं लागतं. गोम इथंच आहे. त्या वेगाला शटर एकदम उघडतच नाही, एक फट तेवढी झरकन सरकत जाते. ती सरकेपर्यंत फ्लॅशला बारीक बारीक लुकलुकत राहावं लागतं आणि त्याची ताकद त्यातच वाटली जाते. एका माणसाचा डबा दहा जणांत वाटावा तसं होतं, पोट कुणाचंच भरत नाही. माझ्या एका फ्लॅशनं टोपीखालचा अंधार हलला नसता.

उपाय एकच होता. फ्लॅश वाढवायचे आणि चेहऱ्याच्या जितकं जवळ नेता येतील तितके न्यायचे. एक माझा होता, एक कासारवाडीच्या मित्राकडून आणला, दोन तळेगावच्या एका फोटोग्राफरनं हजार सूचना देऊन दिले. चारही एकत्र धरायला पट्टी हवी होती. ती आबांनी भंगारातल्या लोखंडी पट्ट्यांची स्वतः वेल्डिंग करून दिली. मी घराच्या गच्चीवर भर दुपारी आईला डोक्यावर पदर घेऊन उभं केलं आणि चारही फ्लॅश एकदम उडवले. पदराखाली आईच्या नाकातली चमकी दिसली. आबा किती तरी वेळ कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्याकडे बघत होते. त्यांना एवढं खूश मी क्वचितच पाहिलं असेल.

खंडेनवमीला मी मालकांना भेटून अंगणात परत आलो, तर माझी पट्टी मशीनपुढच्या पाटावर. हातोडी, पक्कड, वेल्डिंगचा होल्डर आणि शेजारी माझे चारही फ्लॅश. प्रत्येकावर हळदकुंकवाचं बोट, वर झेंडूचं एकेक फूल. आबांनीच ठेवले होते. पोराचंही हत्यार म्हणून, कौतुकानं.

"छान झालं," मी म्हणालो. "आता पुसून घेतो."

"पुजलंय ते," आबा म्हणाले. "आज चालवायचं न्हाई."

"आबा, फोटो तुमचाच आहे!"

"व्हय. पन आज हत्यार इसावा घेतं. मीबी कधी आजच्या दिशी पेडलला पाय लावला न्हाई."

"मग कॅमेरा कसा चालतो?"

"त्याला कुठं कुंकू लावलंय?"

चार माणसं हसली. मी हसलो नाही. मी तोंडाला येईल ते बोललो, सगळ्यांसमोर, सणाच्या दिवशी. आबांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "उद्या दसरा. सकाळी फुलं उतरली की काढ. मशीन कुठं पळून जातंय?"

त्यांचं मन राखायला बिनफ्लॅशचे फोटो काढले. मागचा माल झकास धूसर झाला. मशीनवरचा हार सुरेख आला. आबा एक हात मशीनवर ठेवून ताठ उभे होते. टोपीखाली नेहमीचंच.

दसऱ्याला आम्ही आठच्या आत पोचलो. गेटला कुलूप होतं. आतल्या अंगणात तेलाचा एक चौकोनी डाग आणि चिरडलेली झेंडूची फुलं. रखवालदार म्हणाला, घेणाऱ्यानं पहाटेच क्रेन आणून मशीन उचललं, नव्या जागी दसऱ्याच्या मुहूर्तावर बसवायचं होतं म्हणून. ज्या दिवसासाठी आम्ही थांबलो, तोच दिवस त्यानंही धरला होता. यात कुणाला शिव्या घालाव्यात तेही कळेना.

आबा पुढे झाले. गेटचे गज धरून आत बघत राहिले. थोड्या वेळानं माझ्याकडे वळले आणि म्हणाले, "काढ आता. आणलंयस तर."

गेटसमोरच उभं केलं. चारही फ्लॅश हातभर अंतरावर आणले. उजेड भरपूर पडला, टोपीखाली अगदी पापण्यांपर्यंत पोचला. गच्चीवरच्यापेक्षाही चांगला.

घरी आल्यावर आबांनी विचारलं, "कंप्युटरवर दोन्ही जोडता येत न्हाईत का? तोंड आजचं, बाकी कालचं?"

येतं की. त्यात काय. लग्नात न आलेल्या मामांनाही मी आहेराच्या फोटोत उभं केलेलं आहे. चार संध्याकाळी बसून गेटसमोरचा चेहरा मशीनजवळच्या टोपीखाली बसवला. सावल्या जुळवल्या, रंग जुळवला. कुणाही फोटोग्राफरला जोड सापडली नसती. मोठा प्रिंट काढून चौकट करून आणली आणि आबांच्या हातात दिली.

त्यांनी चष्मा लावून आधी मशीन बघितलं, हार बघितला. मग चेहऱ्यावर बोट ठेवलं.

"ह्यो आत न्हाई," ते म्हणाले. "ह्यो गेटाच्या भाईर उभा हाय."

चौकट त्यांनी भिंतीकडे तोंड करून कपाटाशेजारी ठेवली. अजून तिथंच आहे.