मधुकरकाकांच्या टॉकीजमधला बिनआवाजाचा सिनेमा

मधुकरकाका आज सकाळी गेले.

आमच्या पवनीत आता मंगळवारी दुपारी कोणता सिनेमा लागेल, हे मला सांगता येणार नाही.

तसं ते आधीही कोणालाच सांगता यायचं नाही.

बाहेरच्या मित्रांसाठी सांगते. आमच्या गल्लीच्या टोकाला काकांची टॉकीज. शुक्रवारी नवा हिंदी किंवा साऊथचा डब केलेला मारामारीचा सिनेमा. हाऊसफुल्ल, शिट्ट्या, सगळं.

पण मंगळवारचा मॅटिनी काकांचा स्वतःचा.

बंगाली लावला. जपानी लावला. भुताचा लावला आणि पुढच्याच मंगळवारी हातमागावरची डॉक्युमेंटरी. एकदा छत्तीसगढी सिनेमा लावला, तर राईस मिलवर कामाला आलेले रायपूरकडचे लोक बायकापोरांसकट आले. त्यांच्यासाठी तो परत लावावा लागला.

"काका, हे कोण पाहते?" मी विचारायची.

"लावला तं समजन ना कोण पाहते!"

माझी आई दर आठवड्याला जायची. हिंदी असो की जपानी. मग एका तापात तिचे दोन्ही कान गेले. नागपूरला दाखवलं, मशीन लावून पाहिलं, उपयोग झाला नाही.

आईनं सिनेमा सोडला. नंतर हळदीकुंकू सोडलं. नंतर लग्नकार्यं.

घरात आम्ही बोलायचो आणि ती भाजी निवडत बसायची. आम्हालाही हळूहळू त्याची सवय झाली.

काका एक दिवस बाबांच्या दुकानात आले.

"वहिनी काहून नाही येऊन राहिल्या टॉकीजमंधी?"

"कायले येईल? तिले ऐकू येत नाही आता."

काकांनी सामान घेतलं आणि गेले.

दिवाळीनंतर आमच्याकडे मंडईचे, म्हणजे गावोगावच्या जत्रांचे दिवस. सगळा मुलूख नाटकाला. टॉकीज ओस. तेव्हाच काकांनी नागपूरच्या एका मित्राकडून जुना विदेशी मूकपट आणला. त्यांची मुलगी वर्षा माझी मैत्रीण. ती म्हणाली, "पप्पा, खुर्च्या खाली राहतीन."

"मंडईत तशाबी खालीच राहतात."

मंगळवारी ते स्वतः आमच्या घरी आले. आईसमोर उभे राहून हातानं खूण केली, चला.

आई म्हणाली, "मी येऊन काय करू? लोकं हासतीन अन् मी त्याइचं तोंड पाहत बसीन."

मी कागदावर लिहून दाखवलं, 'यात कोणीच बोलत नाही.'

तिनं तो कागद दोनदा वाचला. मग लुगडं बदलायला आत गेली.

सिनेमा सुरू झाला आणि मागून ओरडा. "अबे, आवाज दे ना!"

काका पडद्यासमोर येऊन उभे राहिले. "आवाज नाहीच याच्यात. ज्याले जायचं असन त्यानं जा. ज्याले पाहायचं असन त्यानं तोंडाकडं पाहा."

बरेच जण गेले. आम्ही थोडे उरलो.

पडद्यावर एक माणूस नवे बूट जपत चिखलातून चालला होता. बूट काढून डोक्यावर ठेवतो, तेवढ्यात समोरून सासरा येतो. नमस्काराला वाकला, आणि बूट थेट सासऱ्याच्या पायावर.

आई हसली.

सगळ्यांच्या आधी. आणि फार मोठ्यानं, कारण आपला आवाज किती आहे हे तिला कळत नव्हतं.

लोकांनी वळून पाहिलं. मला वाटलं, आता ही उठून जाईल.

पण तोवर सगळी टॉकीज हसायला लागली होती. आईनं आजूबाजूला पाहिलं. सगळे हसत होते, आणि कशाला हसत होते ते तिला माहीत होतं.

घरी येऊन तिनं बाबांना अख्खी स्टोरी सांगितली. बाबा जेवायचे थांबून ऐकत होते. इतकं बोलताना तिला आम्ही फार दिवसांत पाहिलं नव्हतं.

त्यानंतर ती पुन्हा जायला लागली. बोलणाऱ्या सिनेमांनाही. पुढच्या रांगेत बसायची. "तोंडाकडं पाहून अर्धं समजते," म्हणायची, "बाकीचं मी लावून घेतो."

लग्नांनाही जायला लागली.

गावात काही जण म्हणायचे, मधुकर येडा झाला. काकांनी दर मंडईला एक मूकपट लावणं सोडलं नाही. त्यांना दम लागायला लागल्यापासून टॉकीज वर्षा पाहते, तरीही मंगळवारचा सिनेमा तेच ठरवायचे.

आज सकाळी वर्षाचा फोन आला. आईला मी मोबाईलवर टाइप करून दाखवलं.

तिनं ते वाचलं.

मग म्हणाली, "मधुकरभाऊचा आवाज कसा होता, मले याद हाय. जाड होता. जरासा घोगरा."

दुपारी वैनगंगेच्या घाटावर त्यांना निरोप दिला.

काका, आईचा आणि माझा शेवटचा नमस्कार.