सरांनी केलेली एक सही

गजभिये सर गेल्याचं मला सीताबर्डीवर, व्हरायटी चौकाजवळच्या एका कापडाच्या दुकानात कळलं. शेजारी उभी असलेली एक तरुण बाई माझ्याकडे वळून म्हणाली, "बाई, ओळखलं का मले? तुमच्या वर्गात होती मी." मी हसले, तशी ती अडखळली. "तुमाले समजलं नाही वाटते... सर गेले नं, मंगळवारी." कोणते सर, हे तिला सांगावं लागलं नाही. आमच्या शाळेत शिक्षक पुष्कळ होते, पण नुसतं 'सर' म्हटलं की ते गजभियेच. त्या दिवशी शुक्रवार होता. म्हणजे तीन दिवस मी माझ्या घरात स्वयंपाक करत होते, रेडिओ ऐकत होते, आणि सर या जगात नव्हते. आता महिना उलटून गेला, तरी त्या तीन दिवसांची मला लाज वाटते.

जरीपटक्याजवळच्या त्या शाळेत मी मराठी शिकवायला गेले, तेव्हा नुकतीच बी. ए. झाले होते. महाल भागातल्या आमच्या घरातून उत्तर नागपुरात कुणी नोकरीला जाईल हेच घरच्यांना पटत नव्हतं. सर गणित शिकवायचे. उंच, काटकुळे, इस्त्री नसलेला पण स्वच्छ पांढरा सदरा. जूनमध्ये प्रवेश सुरू झाले की ते आपली खुर्ची उचलून शाळेच्या बाबूच्या टेबलाशी नेऊन ठेवत. दाखल-खारीज रजिस्टरात मुलाचं नाव, बापाचं नाव असं करत करत बाबूची लेखणी धर्माच्या रकान्यापाशी आली, की सर हलकेच म्हणत, "थांबा जरा. आधी त्यांना विचारा." वस्तीतली बहुतेक घरं छप्पन सालच्या दीक्षेनंतर बौद्ध झालेली. बाबू मात्र जुन्या सवयीनं 'हिंदू' आणि पुढे जुनीच जात लिहून मोकळा व्हायचा. सर आईबापांना समजावून सांगत. बौद्ध लिहिलं तर राज्याच्या सवलती मिळतील, पण केंद्राच्या नोकरीत राखीव जागा मिळणार नाही, कारण दिल्लीच्या कायद्याला बौद्ध झालेला माणूस दलित दिसत नाही. "दोन्ही सांगतो. ठरवा तुम्ही," एवढंच म्हणायचे. मुलाला कडेवर घेऊन एखादी आई पाच-पाच मिनिटं त्या रजिस्टराकडे बघत उभी राहायची.

एकदा मधल्या सुट्टीत मी त्यांना म्हटलं, "सर, एक शब्द तर आहे. लिहून टाकावा ना, पोरांचं भलं होत असेल तर." ते रागावले नाहीत. चहाचा कप खाली ठेवून म्हणाले, "बाई, तुमच्या रकान्यात काय लिहायचं हे तुमच्या वडलांनी किती वेळ विचार करून ठरवलं होतं?" माझ्या रकान्यापाशी कुणाची लेखणी कधी थांबलीच नव्हती. त्या दिवसापासून आमची खरी मैत्री झाली असं मी समजते.

त्यांची मुलगी सुजाता माझी विद्यार्थिनी. हुशार, तोंडाची फटकळ, बापावर जीव असलेली. तिच्या शाळेच्या पहिल्या दिवशी रजिस्टरात 'बौद्ध' हा शब्द सरांनी बाबूकडून लेखणी मागून घेऊन स्वतः लिहिला होता. आणीबाणीच्या आदल्या वर्षी टपालखात्यात भरती निघाली. सुजाता परीक्षेला बसली. तिच्याबरोबर वस्तीतला राजू रामटेकेही बसला. राजूचे वडील गिरणीत कामाला होते, ते छातीच्या आजारानं गेले होते. आई यशोदाबाई विड्या वळून तीन मुलांना वाढवत होती. राजू दुसऱ्या शाळेतला; त्याच्या शाळेच्या दाखल्यावर तिथल्या बाबूच्या सवयीनं 'हिंदू' लागलेलं होतं. राखीव जागेसाठी आता तहसिलीतून जातीचा दाखला हवा, आणि हे कुटुंब हिंदूच आहे असं कुणी ओळखीच्या, शिकल्या-सवरल्या माणसानं लिहून द्यायला हवं.

यशोदाबाई सरांच्या दारात आली तेव्हा मी तिथेच होते, सुजाताचा निबंधाचा सराव घ्यायला गेलेली. ती आत आली नाही. उंबऱ्याबाहेरच बसली. "सर, मले माहीत आहे, तुमाले नाही पटत. माह्या मालकानं बी तुमच्याच संगं दीक्षा घेतली होती. पन लहान्याची शाळा सुटली सर... आता मोठ्याले तरी कुठं लागू द्या." सर उठले. मग खुंटीवरचा सदरा काढत म्हणाले, "चल, बाई." आणि तहसिलीत जाऊन त्यांनी सही केली. ज्या माणसानं वस्तीतल्या प्रत्येक लेखणीला थांबायला लावलं, त्यानं आपल्या हातानं खोटं लिहून दिलं. वस्तीत हे लपून राहिलं नाही. चार जणांनी चौकात त्यांना गाठून नको ते ऐकवलं. सरांनी ऐकून घेतलं.

सुजाताचा प्रश्न त्याच आठवड्यात आला. कचेरीतल्या कुणीतरी तिला सांगितलं होतं, वडलांनी प्रतिज्ञापत्र दिलं तर तुझाही दाखला बदलता येईल. सरांनी नाही म्हटलं. माझ्यासमोरच म्हटलं. सुजाताचा चेहरा मला अजून दिसतो. "लोकाच्या पोरासाठी तुमचा हात चालला, बाबा. माह्यासाठी काहून नाही?" "त्याले दुसरा रस्ता नाही, बेटा. तुले आहे..." सर एवढंच म्हणाले. ती उठून मागच्या खोलीत गेली.

यादी लागली. राजू राखीव जागेवर घेतला गेला. सुजाता खुल्या यादीत थोडक्या गुणांनी राहिली. मी सरांवर चिडले होते, आणि ते बोलूनही दाखवलं. तेव्हा शाळेच्या व्हरांड्यात उभे राहून त्यांनी मला जे सांगितलं ते मी घरी येऊन वहीत लिहून ठेवलं होतं. "बाई, माझ्या तत्त्वासाठी यशोदाबाईनं उपाशी राहावं, असं म्हणायचा मला अधिकार नाही. पण आम्ही जे नाव दीक्षेच्या मैदानावर सोडून आलो, ते माझ्या पोरीच्या अंगावर मी परत कसं घालू? दोन्हीकडे मीच चुकलो असेन... मला खरंच कळत नाही." गणिताच्या माणसाला 'कळत नाही' म्हणताना मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं.

सुजाताला जिल्हा परिषदेची शिक्षिकेची नोकरी लागली. शाळा पारशिवनीकडच्या एका खेड्यात. दोन वर्षं ती बापाशी कामापुरतंच बोलली. सर दर रविवारी एसटीनं तिच्याकडे जायचे. भाजी, डाळ, एखादं मासिक घेऊन. ती स्वयंपाक करायची, ते ओसरीवर बसून पेपर वाचायचे, संध्याकाळच्या गाडीनं परतायचे. "काय बोलता दिवसभर?" मी विचारलं, तर म्हणाले, "काही नाही. पण ती दोन भाकरी जास्त टाकते."

त्या काळातच ते दिल्लीला अर्ज पाठवू लागले. बौद्ध झाल्यानं माणसाची गरिबी आणि अवहेलना संपत नाही, तेव्हा सवलत काढून घेऊ नये, असा दोन पानी अर्ज. दरवर्षी एक. आणीबाणीत मुख्याध्यापकांनी त्यांना बोलावून सांगितलं, "सर, दिवस कसे आहेत! सरकारला कशाला पत्रं लिहिता?" सर म्हणाले, "विनंतीच तर करतो आहे." तो अर्जही गेला. नंतर निवडणुका आल्या, सरकारं बदलली. जरीपटक्याच्या सभांमधून प्रत्येक पक्षानं हा अन्याय दूर करण्याचं वचन दिलं. सर मागच्या रांगेत उभं राहून ऐकायचे आणि घरी येऊन पुढचा अर्ज लिहायचे. पोच फक्त एकदा आली. छापील.

सुजाताचं मन कसं वळलं, ते तिनंच मला सांगितलं. तिच्या शाळेत एक शेतमजूर बाई मुलीचं नाव घालायला आली. धर्म विचारल्यावर घाबरून म्हणाली, "तुमीच लिवा नं मॅडम, जे बरं असन ते." सुजाता म्हणाली, "मी तिले दोन्ही सांगून राहिली होती, अन् मले माह्याच तोंडातून बाबा ऐकू येऊन राहिले होते. लेखणी खालीच ठेवली मी." पुढच्या रविवारी तिनं ताट वाढून बापाच्या समोर बसून जेवण केलं. सरांचा हात कापू लागल्यावर अर्जाची स्वच्छ प्रत तीच काढून द्यायची.

गेल्या आठवड्यात मी त्यांच्या घरी गेले. सरांच्या खोलीत सुजाता टेबलाशी बसून यंदाचा अर्ज पुरा करत होती. या वेळी खाली वस्तीतल्या लोकांच्या सह्याही तिनं घेतल्या होत्या. इतक्यात राजू आला. आता चांगला बाप्या माणूस, कानशिलं पिकायला लागलेली. इतक्या वर्षांत तो या घरात आला नव्हता. सरांना रस्त्यातच भेटायचा. दाराशी उभा राहून म्हणाला, "ताई, मले बी सही करू द्या. बौद्ध म्हणून."

सुजातानं कागद स्वतःकडे ओढला. "नाही गा. तू नको करू. तुह्या नोकरीच्या कागदावर काय लिहिलं आहे ते माहीत आहे नं? उद्या कोणी काढलं तं घरी बसशीन."

"तुमची जागा घेतली मी, ताई. बारा वर्षं झाली, गिळल्या जात नाही."

"माही जागा नाही घेतली तू. बस आधी." तिनं स्टूल पुढे केलं. "बाबानं एक सही तुह्यासाठी केली होती. ते वाया नको घालवू."

राजू बसला. रडला थोडा. मग सुजातानं अर्जाची घडी घातली, पाकिटात टाकली, डिंक लावला. राजूनं डोळे पुसून हात पुढे केला. "मंग हे माह्याजवळ द्या. सकाळची डाक मीच लावतो. दिल्लीच्या थैलीत माह्या हातानं टाकीन."

तिनं पाकीट त्याच्या हातात दिलं. त्यानं ते खिशात घातलं नाही. दोन्ही हातांत धरून, दाराशी लावलेली सायकल न घेता, तो पायीच निघाला.