दुपारी पेटणारा बंब

देवळ्याचा तो कंपाउंडर आजही माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. ऐंशीच्या दशकाची सुरुवात होती, मी नाशिकला पोलीस अधिकारी होतो. आठवडाभर औषध देऊनही एका मुलाचा ताप उतरेना, म्हणून डॉक्टरांनी बाटली तपासायला पाठवली. आत निव्वळ रंगीत साखरपाणी निघालं. मूल सिव्हिलमध्ये नेल्यामुळे वाचलं. संशय गेला बाटल्या हाताळणाऱ्या कंपाउंडरवर. मी भर दवाखान्यात, पेशंटांसमोर त्याला बेड्या घातल्या आणि नाशिकला आणलं.

चौकशीत त्याचं एकच पालुपद. "सायेब, सील मी फोडलं. पण आतलं पाणी मी नाय घातलं."

मी उखडलो. बुचावर तापवून घट्ट बसवलेलं प्लॅस्टिकचं वेष्टन तेव्हा नवीनच आलं होतं. ते शाबूत म्हणजे माल अस्सल, अशी माझी पक्की समजूत. मग भेसळ सील फोडल्यानंतरचीच, दुसरं काय? तिसऱ्या दिवशीही त्याचा जबाब बदलला नाही. खोटं बोलणारा सहसा रोज थोडी भर घालतो. हा घालत नव्हता.

मी जप्त केलेली एक न फोडलेली बाटली उजेडात धरली. वेष्टनाखाली पत्र्याच्या बुचाला गंज चढला होता. ती घेऊन सातपूरला औषधं पॅक करणाऱ्या एका बाईंकडे गेलो. त्यांनी नुसतं बोट फिरवलं. "आम्ही हे गरम हवेवर आवळतो, साहेब. गंजायला पाणी लागतं. ही बाटली कुणीतरी उकळत्या पाण्यात उलटी बुडवलीय."

परतल्यावर मी हे हवालदाराला सांगितलं. तो पंचवटीत राहायचा. "साहेब, शेजारच्या लॉजवाल्याच्या बंबाने आमच्या मंडळी वैतागल्यात. वाळत घातलेले कपडे काळे होतात. यात्रेकरू पहाटे आंघोळ करतात, मग ह्याचा बंब दुपारी तीनला कशाला धुमसतो?"

दुसऱ्या दिवशी तीनलाच पंच घेऊन छापा घातला. बंबाशेजारी वाफाळती बादली, लॉजवाल्याच्या हातात सांडशी आणि सांडशीत उलटी बाटली.

"यात्रेकरूंसाठी पाणी तापवतो, साहेब," लॉजवाला म्हणाला.

"कुठायत यात्रेकरू?" मी विचारलं. त्याने सांडशी खाली ठेवली आणि सगळं ओकला: रिकाम्या बाटल्यांत साखरपाणी भरायचं, उकळत्या पाण्यात नवं वेष्टन आवळायचं आणि अस्सल म्हणून दवाखान्यांना विकायचं.

पुरावा नाही असा कलम १६९चा अहवाल कोर्टाला देऊन मी कंपाउंडरला सोडलं. वाटलं, आनंदाने पळत सुटेल. तो दारातच घुटमळला. "सायेब, सोडलं तुम्ही नाशकात. धरलं व्हतं देवळ्यात, सगळ्यांसमोर."

मला फार लाज वाटली. आठवडी बाजाराच्या दिवशी मी युनिफॉर्मवर देवळ्याला गेलो. दवाखान्याच्या पायरीवर उभा राहिलो आणि मोठ्याने सांगितलं, "हा माणूस निर्दोष आहे. चूक माझी होती."

मग एका म्हातारीने आपली रिकामी बाटली त्याच्यापुढे धरली. "भर बाबा. तुझ्याच हातनं भर."

त्याने औषध ओतलं आणि बूच घट्ट लावून बाटली तिच्या हातात दिली. सील पाहून माल ओळखायचं मी त्यानंतर सोडून दिलं. आणि नोकरी संपेपर्यंत, चुकून धरलेल्या माणसाला सोडायला मी स्वतः त्याच्या गावी जात राहिलो.