बापूंनी 'छान' लिहिलं तेव्हा

सुरेखाचा फोन आला तेव्हा मी गॅलरीत तांदूळ निवडत बसले होते. ती म्हणाली, "आत्या, बापू गेलं." यावर माणसाच्या तोंडून काय निघावं? माझ्या तोंडून निघालं, "कधी? आणि मला आत्ता कळवतेस?" पलीकडून ती मग म्हणाली, "धा मिन्टं बी झाली न्हाईत, आत्या. तुमालाच पयला फोन केलाय. ह्यास्नी अजून कळवायचंय." म्हणजे नवऱ्याच्या आधी तिनं मला कळवलं होतं, आणि मी तिची उलटतपासणी घेत होते... पाच आठवडे झाले, पण ते वाक्य अजून माझ्या कानातून जात नाही. बापूंविषयी लिहायला बसले तर आधी हेच लिहावं लागतं, कारण त्यांच्या शेवटच्या वर्षात माझा संशय जितका होता तितकी मी नव्हते.

बापू माझे चुलतभाऊ, माझ्याहून नऊ वर्षांनी मोठे. घर उंब्रजचं, नदीकडेला उसाचं रान, पण त्यांची सगळी उमर फौजेत गेली, तीही रसदीच्या खात्यात. लढणाऱ्या माणसाला पीठ, डाळ, रॉकेल वेळेवर पोचतंय का, हे बघण्यात. सुभेदार होऊन परत आले तेव्हा ते कोणत्याही गोष्टीवर लगेच विश्वास ठेवत नसत. लग्नाला गेले तरी मांडवात बसण्याआधी मागं जाऊन चुलाणावरची पातेली किती आणि पंगती किती, याचा अंदाज घेऊन येत. "दुसऱ्या पंगतीला भात कमी पडतोय बग," असं माझ्या कानात सांगत, आणि तो पडे. मी सांगलीला, विश्रामबागेतल्या एका कॉलेजात ग्रंथपाल होते. ग्रंथपालाचा स्वभाव संशयी होतो, त्याला इलाज नाही. ऐन मे महिन्यात "पुस्तक पावसात भिजलं" म्हणणारे प्राध्यापक ज्यानं पाहिलेत, तो कुणावर काय विश्वास ठेवणार! तेव्हा बापूंचं आणि माझं जमलं यात नवल नाही.

वहिनी गेल्यानंतर बापूंनी मला पुस्तकं मागायला सुरुवात केली. घरात ते आणि सून सुरेखा, दोघंच. मुलगाही फौजेत, वर्षाकाठी सुट्टीला येणारा. "खुनाची दे. रडारडीची नको," एवढीच अट. माझीही एक अट होती. पुस्तकं माझ्या स्वतःच्या कपाटातली असली तरी शिस्त कॉलेजचीच : महिन्याच्या आत परत, आणि सोबत अभिप्राय. कुरिअरनं पुस्तक जाई, कुरिअरनं येई, आणि शेवटच्या पानात कॅलेंडरच्या कोऱ्या पाठीवर लिहिलेली चिठ्ठी सापडे. त्यांचं अक्षर टोकदार, उजवीकडे कललेलं. एका रहस्यकथेत थंड हवेच्या ठिकाणी बंगल्याच्या मालकाचा खून होतो आणि शेवटी तो स्वयंपाक्यानं केलेला निघतो. बापूंनी लिहिलं होतं, 'स्वयंपाक्याने सकाळी अकराला खून केला म्हणता. मग साडेबाराला चौदा पाहुण्यांचे जेवण तयार कसे? पटले नाही.' दुसऱ्या एकीवर : 'एवढा मोठा वाडा आणि एक कुत्रे नाही? लेखकाने सोयीसाठी मारले काय?' आवडलं तर 'बरे आहे' लिहीत. त्याच्या वरचा शेरा त्यांच्याकडे नव्हताच.

दोनेक वर्षांपूर्वी माझ्या मुलीनं मला अद्भुतकथांचे जाडजूड अनुवाद आणून दिले. आग ओकणारे उडते सर्प, बोलणारे डोंगर, सात राज्यं आणि प्रत्येकाचा वेगळा नकाशा. मला ते पचेनात. रहस्यकथेत लेखक खोटं बोलला तर शेवटी त्याला जाब द्यावा लागतो. इथं अडलं की कुणीतरी काठी फिरवतो आणि लेखक सुटतो. एक पुस्तक मात्र मी दोनदा वाचलं, कुणाला न सांगता. त्यात एका मुलीला नदीचं बोलणं कळतं, आणि नदी तिला सांगते त्या गोष्टी अगदी घरगुती असतात, कोण कुठं धुणं धुतं, कुणाची म्हैस काल आली नाही. बापू कसे भडकतात ते बघू म्हणून मी हीही पुस्तकं उंब्रजला धाडायला लागले.

चौथ्या दिवशी फोन. "आगं शालू, हे काय धाडलंस? चाळीस हजार माणूस बर्फातनं अकरा दिवस चाललंय. पीठ कुठनं आलं? आमी दोनशे माणसांस्नी भाकरी पोचिवताना रडकुंडीला आलो हुतो."

मी म्हटलं, "बापू, त्यांच्याकडं जादूगार आहे."

"मग त्याला चुलीम्होरं बसवा की! विजा कशाला पाडत बसलाय?"

मी इतकी हसले की शेजारच्या बाई बघायला आल्या. नदीच्या पुस्तकावर मात्र फोन आला नाही. चिठ्ठी आली : 'यातील नदी खरी वाटली. मुलगी तितकी नाही.' मीही नेमकं हेच म्हटलं असतं, म्हणून थोडा रागच आला.

मग माझ्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालं. उंब्रजला जाणं आठ-नऊ महिने बंद पडलं, आणि त्याच काळात चिठ्ठ्या बदलल्या. आधी आल्या दोन-तीन चिठ्ठ्या नुसत्या 'बरे आहे' अशा. मग एके महिन्यात उघडून बघते तर, 'छान आहे. शेवट पटला.' बापू आणि छान! मी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. अक्षर गोल, शाळेतल्यासारखं, ओळीवर बसवलेलं. पुढच्या महिन्यात तेच. फोन केला की सुरेखा उचलायची. "बापू झोपल्यात." "बापू रानाकडं गेल्यात." कधी बोललेच तर "बरा हाय, तू गुडघं सांबाळ," एवढं म्हणून फोन तिच्या हातात देत. माझ्या डोक्यात चक्र सुरू झालं. पुस्तक त्यांच्या हातात पडतं तरी का? का कुरिअर आलं की कपाटावर, आणि महिना भरला की 'छान' लिहून परत? म्हातारा माणूस, बायको नाही, मुलगा दूर. सुनेच्या तावडीत सापडलेल्या सासऱ्याच्या शंभर गोष्टी मी ऐकल्या होत्या, आणि एकीतही सून शहाणी नव्हती.

मग मी डाव टाकला. नव्या पुस्तकात कधीकधी दोन पानं वरच्या कडेला कापायची राहून जातात, जोडलेलीच असतात. माझ्याकडच्या एका नव्या रहस्यकथेत तशी पानं निघाली, पुस्तकाच्या साधारण मध्यावर. ती न कापता मी पुस्तक तसंच धाडलं. महिन्यानं ते परत आलं. पानं जोडलेलीच होती. आणि चिठ्ठी? 'छान आहे. शेवट पटला.'

खोटं सांगत नाही, मला आनंद झाला. पुरावा हातात आल्यावर होतो तसला. मी लगेच फोन लावला. "सुरेखा, पुस्तक बापूंना देतेस का तू?"

"देते की, आत्या."

"मग मधली पानं कापलेली नाहीत, ती कशी? न वाचता शेवट पटला?"

 मला चेव आला. "म्हाताऱ्या माणसाच्या नावानं खोटं लिहिताना काही वाटत नाही तुला?" असं मी म्हणाले. हेच शब्द. ती यावर एवढंच म्हणाली, "चुकलं, आत्या." गुन्हा कबूल! मी पुस्तकं धाडायची बंद केली. दोन महिने काही पाठवलं नाही. पाठवण्यासारखी होती, कपाटात रांग लावून ठेवली होती. गुडघे बरे झाले की स्वतः जाऊन बापूंच्या हातात देईन, सुनेसमोर, असं ठरवलं होतं. त्या दोन महिन्यांच्या शेवटी तो फोन आला.

दिवसांना मी उंब्रजला गेले तीही डोळ्यांत तेल घालूनच. बापूंची खोली बघितली. अंथरूण स्वच्छ, पाण्याचा तांब्या घासलेला, औषधं ओळीत. आणि कॉटशेजारच्या भिंतीवर, बसल्या माणसाच्या नजरेसमोर येतील अशी, कॅलेंडरची पानं उलटी चिकटवलेली. त्यावर गोल अक्षरात लिहिलेलं : डॉक्टर, चष्मा, पांढरी गाडी. मालकीणबाई, विधवा, रागीट. पुतण्या, पत्ते खेळतो, डाव्या हाताचा... मी जे डाव म्हणून धाडलं होतं त्याच पुस्तकातली माणसं. तेव्हाही, काय सांगू, मनात आलं की हे मला दाखवायला काल तर चिकटवलं नसेल! मी जवळ जाऊन कागदाला हात लावला. प्रत्येक नावाखाली बोटाची काळपट, तेलकट रेघ होती, रोज त्याच जागी बोट फिरल्यावर उमटते तशी. मी कॉटवर बसले. वाईट वाटलं म्हणणं सोपं आहे. मला लाज वाटली.

सुरेखा दारात उभी होती. "नावं ऱ्हाईनात त्यांच्या ध्यानात," ती म्हणाली. "वर्ष झालं असंल. आदी म्हनायचं, चष्म्याचा नंबर वाडलाय. मग मी वाचून दावायला लागले. चार पानं झाली की मागचं पुसून जायचं. एकेक प्रकरण आठ-आठ दिस चालायचं. आनि तुमचा म्हयना भरायचा."

माझा महिना. माझी शिस्त. निम्म्यातच पुस्तक परत करावं लागायचं, म्हणून 'छान'.

"मला सांगायचं होतंस..."

"बापूंनी शपत घातली हुती. म्हनलं, शालूला कळू दिऊ नगंस. ती मला कच्च्यात काडंल, खेळातल्या कच्च्या लिंबावानी."

मी विचारलं, त्यांना कळत होतं का की मी पुस्तकं बंद केली? सुरेखा मग म्हणाली, "पयल्यांदा रोज इचारायचं, पार्सल आलं का म्हनून. मग नदीचंच पुस्तक मागून घेतलं. तुमचं परत धाडल्यावर मी बाजारातनं तसलंच दुसरं आनलं हुतं, तेच त्यांना लागायचं. तेवढं पुरलं." आणि मग, आवाज न चढवता, "तुमी एकदा यायचं हुतं, आत्या. फोनवर मानूस दिसत न्हाई."

बचावाला गुडघ्यांचं नाव घेता आलं असतं, पण तेवढा निलाजरेपणा माझ्यात नाही. मला एकच गोष्ट राहून राहून टोचते. उभा जन्म मी संशयावर काढला आणि खरा सुगावा समोर असताना चुकीच्या माणसाला धरलं. बापूंसारख्या माणसानं 'छान' लिहिलं, पीठ कुठनं आलं हे विचारायचं सोडलं, तेव्हाच विचारायला हवं होतं की बापूंना काय झालंय. मी विचारलं, सुनेनं काय केलं.

गेल्या रविवारी मी पुन्हा उंब्रजला गेले. जाताना एक नवीन पुस्तक नेलं, अद्भुतकथाच. सुरेखाला कुठलं आवडेल म्हणून आधी फोनवर विचारलं तर म्हणाली, "खुनाचं नगं, आत्या. त्यात समदी सारखीच खोटारडी. जादूच्यात निदान राक्षस राक्षसावानी दिसतो." हे ती मला उद्देशून म्हणाली का, असा विचार मनात आलाच. पण विचारलं नाही. दुपारची भांडी झाल्यावर ती सोप्यात आली आणि पुस्तक उघडून सरळ मोठ्यानं वाचायला लागली. तिला आता मनात वाचता येत नाही म्हणाली, सवयच मोडली. आवाज सपाट, सावकाश, प्रत्येक नावाला जरा थांबून. बापूंची खुर्ची रिकामी होती आणि मी खुर्चीशेजारी बाकावर पाय लांब करून बसले होते. ऐकता ऐकता माझं लक्ष त्या खुर्चीकडे जात होतं. शेवटच्या दोन महिन्यांत इथं बसून ते रस्त्याकडे बघत असतील का, पार्सलवाला दिसतोय का म्हणून...

सात-आठ पानं झाल्यावर सुरेखा एका नावापाशी थांबली. बोट ओळीवर ठेवून, पुस्तकातून मान वर न करता तिनं सवयीनं विचारलं, "हा कोन? मगाचा म्हातारा, का दुसरा?"

मला सांगता येईना.  तिनं माझ्याकडे बघितलं नाही. "असू द्या," एवढंच म्हणाली, सात-आठ पानं मागं उलटली, आणि पुन्हा पहिल्यापासून वाचायला लागली.