कीबोर्डवरचा नारळ

नव्वदच्या दशकात दौंड तालुक्यातल्या एका साखर कारखान्यात मी संगणक विभागाचा प्रमुख होतो. विभागात मी, एक सर्व्हर आणि खुटबावहून एसटीने येणाऱ्या ऑपरेटर बाई. बाई चार वर्षं रोजंदारीवर होत्या. त्यांना कायम करण्याची फाइल एमडींच्या टेबलावर सहीसाठी पडून होती.

खंडेनवमीला मिलपासून वजनकाट्यापर्यंत सगळ्यांची पूजा झाली, तशी सर्व्हरचीही झाली. शिपाई मामांनी कॅबिनेटला हार घातला, कुंकू लावलं आणि नारळ ठेवायला सपाट जागा म्हणून कीबोर्ड निवडला. चेअरमननी बटण दाबलं. नारळाखाली कळा दाबलेल्याच होत्या, त्यामुळे मशीन पिपाणीसारखं वाजू लागलं आणि नेहमीच्या पडद्याऐवजी सेटिंगचा निळा पडदा आला.

"हे काय म्हणतंय?" चेअरमननी विचारलं.

"स्वागत करतंय, साहेब," एमडी म्हणाले. संचालकांनी टाळ्या वाजवल्या.

नारळ बाजूला करून चेअरमननी फोटोसाठी आणखी चार-पाच कळा दाबल्या. पडद्यावर प्रश्न आला: बदल कायम करायचे का, होय की नाही?

"शुभ कामात नाही कशाला?" एमडी म्हणाले. चेअरमननी होय केलं. मी मागे पेढा धरून उभा होतो. 'थांबा' म्हणायला हवं होतं. म्हणालो नाही.

मंडळी गेल्यावर सर्व्हर पुन्हा चालू केला, तर त्याच्या लेखी हार्ड डिस्क नव्हतीच. यंदाच्या उसाच्या सगळ्या नोंदी तिच्यावर होत्या. एमडी परत आले.

"संध्याकाळपर्यंत चालू झालं न्हाई, तर बाईंची फाइल बिनसहीची परत. आन् चूक कुणाची, ते नावानिशी लेखी द्या."

डिस्कच्या लेबलवरचे तीन आकडे सेटिंगमध्ये हाताने भरायचे, एवढंच काम होतं. पण त्यासाठी कॅबिनेट उघडायला हवं. मामा आडवे आले.

"पूजलेलं हत्यार आज हलवायचं न्हाई, सर."

"मामा, हत्यार आजारी पडलंय," बाई म्हणाल्या. "सणाला माणूस आजारी पडला, तर दवाखान्यात नेत न्हाईत व्हय?"

मामांनी विचार केला. मग स्वतःच हार उतरवला आणि स्क्रू ड्रायव्हर आणून दिला. तोही पूजलेलाच होता.

बाई टॉर्च धरून आकडे वाचत गेल्या, मी भरत गेलो. पहिल्यांदा मीच एक आकडा चुकवला. दुसऱ्या खेपेला मशीन सुरू झालं. नोंदी जागेवर होत्या.

दसऱ्याची सुट्टी संपल्यावर अहवाल दिला: 'मा. चेअरमन साहेबांच्या शुभहस्ते, मा. एमडी साहेबांच्या सूचनेनुसार, चुकीचे सेटिंग कायम करण्यात आले. खाली सही करणारे मागे उभे राहून गप्प होते.'

एमडींनी तो दोनदा वाचला. "एवढं सविस्तर कशाला?"

"नावानिशी मागितलं होतं, साहेब. बाईंचं नाव कुठं बसेना."

"प्रती किती काढल्या?"

"सध्या तरी एकच."

अहवाल त्यांच्या ड्रॉवरमध्ये गेला. दुपारी बाईंच्या फाइलवर सही झाली. बाईंनी ऑर्डर खिडकीच्या उजेडात धरून शिक्का नीट उमटलाय का पाहिलं, डब्याच्या पिशवीत ठेवली आणि राहिलेल्या नोंदी भरायला बसल्या.